मले काईच झालं नाही

२०२१ च्या फेब्रुवारीत, महिना संपता संपता, वाशिम जिल्हा अचानक देशभरच्या बातम्यांत आला. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी करोनाबाधित निघाले होते. वसतिगृहात राहणारी मुलं, त्यातली पुष्कळशी अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून आलेली. त्याच आठवड्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला उसळलेल्या गर्दीचीही चर्चा चालू होती. देशात लसीकरणाला १६ जानेवारीलाच सुरुवात झाली होती, पण ते आरोग्य कर्मचाऱ्यांचं. साठीच्या पुढच्यांचा नंबर मार्चमध्ये लागणार होता. शाळकरी पोरांचं कुणी नावही काढत नव्हतं.

त्यांचा नंबर लागला ३ जानेवारी २०२२ ला. पंतप्रधानांनी २५ डिसेंबरच्या रात्री घोषणा केली आणि नवव्या-दहाव्या दिवशी १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं. लस एकच, कोव्हॅक्सिन. हैदराबादच्या भारत बायोटेकने ती आयसीएमआर आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबरोबर तयार केलेली. दोन डोस, मध्ये २८ दिवस. पहिल्याच दिवशी देशभरात ४० लाखांहून अधिक मुलामुलींनी दंड पुढे केला. तोपर्यंतच्या मोठ्या माणसांच्या लसीकरणात सुरुवातीला जी कां-कूं दिसली होती, तिच्या मानाने हे फारच झटपट झालं.

याचं श्रेय सरकारी यंत्रणेला द्यायला हवंच. पण नुसती यंत्रणा पुरली असती, तर मोठ्यांच्या वेळी महाराष्ट्राला एवढे उपद्व्याप करावे लागले नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'मिशन कवच कुंडल', मग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'मिशन युवा स्वास्थ्य', नोव्हेंबरात 'हर घर दस्तक'. औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तर एक डोसही न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन देऊ नये असा आदेश काढला. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांतल्या लोकांना पटवण्यासाठी सलमान खानची मदत घेणार असल्याचं सांगितलं होतं. पेट्रोल बंद करणं आणि सलमानला बोलावणं यांच्या अधेमधे एक तिसरी वाट होती. ती शाळेच्या मागच्या बाकावरून जात होती. या प्रकरणात आपण त्या वाटेने जाऊ.

शाळेतलं लसीकरण ज्यांनी पाहिलंय त्यांना व्हरांड्यातलं दृश्य आठवेल. एका वर्गात नोंदणी, दुसऱ्यात सिस्टर सुई घेऊन, तिसऱ्यात अर्धा तास बसून राहायचं. नोंदणीच्या टेबलावर खरी गर्दी, कारण सगळा खेळ ओटीपीचा. मुलांसाठी लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर दहावीचं ओळखपत्र चालेल असं ठरलं, तेव्हा आधार नसलेल्यांची मोठी अडचण सुटली. पण मोबाइल कुणाचा? एका नंबरवर आधी चारच जणांची नोंदणी व्हायची, २१ जानेवारीपासून ती सहा झाली. ज्या घरात बापाचा एकच फोन आणि तोही शेतात, तिथे पोरगं येऊन उभं राहणार आणि ओटीपी जाणार तुरीच्या ढिगाऱ्याजवळ. अशा वेळी कामाला येतो तो वर्गातला एखादा मोबाइलमधला तज्ज्ञ. मास्तरांना जे जमत नाही ते तो चुटकीसरशी करतो, आणि करता करता चार मित्रांची नोंदणी करून टाकतो. लसीचा प्रचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोषणा आणि फलक येतात. प्रत्यक्षात तो बराचसा असाच होतो, 'आण तुझा नंबर' म्हणत.

अट होती २००७ किंवा त्याआधीच्या जन्माची. त्यामुळे एकाच वर्गात गंमत झाली. डिसेंबर २००७ चा मुलगा पात्र, त्याच्या शेजारी बसणारा जानेवारी २००८ चा मुलगा अपात्र. बारा ते चौदा वयाच्यांना कॉर्बेव्हॅक्स मिळायला १६ मार्च उजाडला. म्हणजे मधले अडीच महिने काही मुलं रोज अशा मित्राच्या शेजारी बसत होती, ज्याने सुई टोचून घेतली होती आणि जो ठणठणीत होता. (जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून टप्प्याटप्प्याने उघडल्या, तेवढा खंड सोडून.) आरोग्य खात्याने हे काही ठरवून केलं नव्हतं. पण प्रचाराची याहून चांगली योजना आखणं अवघड होतं.

वऱ्हाडात त्या प्रचाराचं वाक्य एकच असतं. 'मले काईच झालं नाही, तू कायले भेतं?' त्यात प्रतिपिंडं नाहीत, चाचण्यांचे टप्पे नाहीत, टक्केवारी नाही. सांगणाऱ्याने बाही वर केलेली असते, बस्स. तो लसीबद्दल जेमतेम काही जाणतो, पण ऐकणाऱ्याला जे जाणून घ्यायचं असतं ते नेमकं त्याच्याकडे असतं. दुखतं का? किती वेळ? दुसऱ्या दिवशी कबड्डी खेळता येते का? पोलीस भरतीसाठी पळणाऱ्याने चार दिवस ग्राउंड सोडायचं का? डॉक्टरला हे विचारायला पोरं धजत नाहीत, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, 'किरकोळ त्रास होऊ शकतो.' मित्र सांगतो, 'रात्री अंग कसकसलं, गोळी घेतली, सकाळी उठून शाळेत आलो.' ही माहिती जास्त उपयोगाची आहे आणि जास्त खरीही वाटते, कारण ती सांगणारा समोर उभा आहे.

मुलींच्या बाबतीत तर मैत्रिणीला पर्यायच नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपवर एक संदेश घरोघर पोचला होता: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका, त्या काळात प्रतिकारशक्ती कमी असते. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचं लगेच जाहीर केलं. मे महिन्यात दुसरा आला, नोबेल विजेते ल्युक माँटेन्ये यांच्या नावाने: लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. असं ते कधी म्हणालेच नव्हते. शिवाय मूल होणार नाही ही जुनी भीती होतीच, ती प्रत्येक नव्या लसीबरोबर नव्याने जन्म घेते. आता, सोळा वर्षांच्या मुलीने पाळीची शंका विचारायची कुणाला? गणिताच्या सरांना? नोंदणीला बसलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला? ती गप्प राहते, आणि त्या दिवशी शाळेत येत नाही. हजेरीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लागतं आणि कारण कुठेच लिहिलं जात नाही. ते कारण ठाऊक असतं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला. तिने 'माझीपण चालू होती, काही फरक पडला नाही' एवढं सांगितलं तर शासकीय खुलाशाची गरज उरत नाही.

किशोरवयात बरोबरीच्यांचा एवढा पगडा का असतो? अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की आणखी थोडं पुढे जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना किशोर आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक दिसला नाही. पण मित्र शेजारी बसवले, तेव्हा किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्यांवर मित्रांच्या असण्याचा तसा परिणाम झाला नाही. या प्रयोगाचा दाखला सहसा पोरांच्या बेफिकिरीबद्दल देतात. मला त्याची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. जो मित्र शेजारी असल्यामुळे मुलगा सिग्नल तोडतो, तोच मित्र शेजारी असल्यामुळे तो सुईलाही सामोरा जातो. मित्रांसमोर घाबरट दिसायचं नाही, एवढंच दोन्हीकडे कारण.

पण याच वाटेने भीतीही धावते, आणि तिचा वेग जास्त. किशोरवयीनांच्या लसीकरणात चक्कर येण्याचे प्रकार इतर वयांपेक्षा अधिक होतात. लसीतल्या द्रव्याशी त्याचा बहुतेक वेळा संबंध नसतो. सुईची धास्ती, उपाशी पोट, बराच वेळ रांगेत उभं राहणं, यांनी शरीर एकदम उलट वागतं: हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. आडवं झोपवलं, पाय उंच केले की काही मिनिटांत पोर उठून बसतं. पण रांगेतल्या बाकीच्यांनी ते पाहिलेलं असतं. दुसरी मुलगी पांढरी पडते, मग तिसरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या प्रकाराला लसीकरणाच्या ताणातून येणारी प्रतिक्रिया असं स्वतंत्र नाव दिलं, कारण जगभर हेच घडत होतं.

सगळ्यात मोठा दणका बसला कोलंबियाला. कार्मेन दे बोलिव्हार या गावात २०१४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस घेतलेल्या शाळकरी मुली एकामागून एक बेशुद्ध पडू लागल्या. हातापायांना मुंग्या, डोकेदुखी, झटके. दवाखान्यातली दृश्यं मोबाइलवरून देशभर फिरली आणि शेकडो मुलींना तशीच लक्षणं जाणवू लागली. तपासात लसीशी संबंध आढळला नाही. सामूहिक मानसिक ताणाचा तो प्रकार होता. मुली नाटक करत नव्हत्या, त्रास खराच होता. पण ज्या देशात पहिल्या डोसचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं होतं, तिथे २०१६ पर्यंत ते १४ टक्क्यांवर आलं.

म्हणून शाळेत लसीकरण असेल तर किशोरवयीन स्वयंसेवकांना पहिल्यांदा शिकवायला हव्यात या बारीकसारीक गोष्टी: आलेल्याने काही खाल्लंय का ते विचारणं, घाबरलेल्याला बसवून त्याच्याशी भलत्याच विषयावर गप्पा मारणं, चक्कर आलेल्याला इतरांच्या नजरेआड नेणं, आणि कुणी मोबाइल काढून शूटिंग करत असेल तर तो खिशात ठेवायला लावणं. भाषण स्पर्धा नंतर घेतल्या तरी चालतील.

तरुणांना हाताशी धरण्याची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत जोनास साल्क यांची पोलिओ लस १२ एप्रिल १९५५ रोजी यशस्वी जाहीर झाली. लहान मुलांना आईबापांनी रांगा लावून ती दिली, पण किशोरवयीन मुलंमुली फिरकेनात. पोलिओ हा बाळांचा रोग, आपल्याला काय त्याचं, असं त्यांना वाटे. २८ ऑक्टोबर १९५६ रोजी एल्विस प्रेस्लीने न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांच्या कॅमेऱ्यांपुढे दंडावर लस घेतली. तो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि पोरी त्याच्यासाठी वेड्या झाल्या होत्या. त्या एका फोटोने अमेरिकेतलं लसीकरण गगनाला भिडलं अशी गोष्ट आजही सांगितली जाते. इतिहासकार स्टीफन मॉडस्ली यांनी कागदपत्रं तपासली तेव्हा चित्र वेगळं निघालं. बरंचसं काम केलं होतं 'टीन्स अगेन्स्ट पोलिओ' या नावाखाली एकत्र आलेल्या शाळकरी मुलांनी. दारोदार फिरणं, चर्चा घडवणं, आणि त्यांची सगळ्यात नामी युक्ती म्हणजे 'साल्क हॉप': नाचाची पार्टी, आत प्रवेश लस घेतलेल्यांनाच. काही मुलींनी तर लस न घेतलेल्या मुलांबरोबर फिरायला जायचं नाही असं ठरवलं होतं म्हणतात. सलमानचा विचार करणाऱ्यांनी एल्विसची ही पुरी गोष्ट वाचायला हवी होती.

आपल्याकडे याचं देशी रूप होतं उत्तर प्रदेश-बिहारातली 'बुलावा टोली'. पल्स पोलिओच्या रविवारी शाळकरी मुलांचे घोळके गल्लीबोळांतून ओरडत फिरायचे, पाच वर्षांखालचं पोर दिसलं की त्याला कडेवर घेऊन बूथवर आणायचे. डाव्या करंगळीला शाई न लागलेलं मूल घरात दडवलंय हे शेजारच्या ताईदादांपासून लपत नसे. आरोग्यसेविकेला जे दार बंद मिळायचं, ते गल्लीतल्या पोरांना उघडं असायचं. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या पोरांचा वाटा फार कमी लोकांनी मोजला.

त्याहून मागे गेलं तर मुलांनी लस अक्षरशः अंगावर वाहिली आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. तेव्हा लस कुपीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव घेऊन तो दुसऱ्याला टोचायचा, त्याच्या फोडातून तिसऱ्याला. अ‍ॅनाच्या दंडावरून निघालेली ही साखळी पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. म्हैसूरच्या राजघराण्यातल्या स्त्रियांचं थॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास काढलेलं एक चित्र आहे. त्यातली बारा-तेरा वर्षांची नवी राणी पदर किंचित सारून दंड दाखवते आहे. इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांच्या मते हे चित्र देवीच्या लसीचा प्रचार म्हणून काढवून घेतलं गेलं. तसं असेल तर बाही वर करून 'मला काही झालं नाही' म्हणणाऱ्या किशोरींमध्ये तिचा नंबर बराच वरचा लागेल.

परत वाशिमला येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्येचा हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिम होता. मानोरा, मंगरुळपीर या भागांत बंजारा तांडे विखुरलेले आहेत. तिथल्या घराघरांत गोरमाटी बोलली जाते. आशाताई मराठीतून समजावते, म्हातारी मान डोलावते आणि पोराला आत घेऊन जाते. तिची दहावीत शिकणारी नात दोन्ही भाषांत सराईत असते. ती गोरमाटीतून जे चार शब्द बोलेल ते तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांच्या सल्ल्याइतके वजनदार नसतील, पण ते रोज, चुलीपाशी, पुन्हा पुन्हा बोलता येतात.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. अठराच्या आतल्या मुलाने कितीही ठरवलं तरी संमतीपत्रावर सही आईबापाचीच लागते. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस द्यायची मोहीम शाळाशाळांतून चालली, तेव्हाही अफवांमुळे काही पालकांनी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. दिल्लीत तर पुढच्याच जानेवारीत उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीशिवाय अशी मोहीम राबवायला मनाई केली. ते योग्यच होतं असं मला वाटतं. त्यामुळे किशोरवयीन प्रचारकाचं निम्मं काम मित्राला पटवण्याचं आणि निम्मं मित्राच्या बापाला पटवण्याचं. दुसरं जास्त कठीण. मित्राच्या बापासमोर पोरं एरवी तोंड उघडत नाहीत. इथे एकट्याने न जाता आशाताईबरोबर जाणं बरं, आणि वाद न घालता आपल्या घरी कुणी कुणी लस घेतली एवढंच सांगणं.

सरकारकडे या कामासाठी रचना आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगाव 'साथिया' नेमायचे असतात: साधारण हजार लोकसंख्येमागे दोन मुलगे, दोन मुली. आशाताई त्यांची निवड करते. शंका विचारायला महाराष्ट्रात दवाखान्यांतून 'मैत्री क्लिनिक' आहेत. कागदावर सगळं नीट आहे. माझी शंका निवडीबद्दल आहे. आपल्याकडे असल्या कामाला पहिला नंबर काढणारी, वहीला कव्हर घालणारी, सरांच्या मर्जीतली मुलं उभी केली जातात. ती बोलतात छान, पण वर्गातला निम्मा जमाव त्यांना 'सरांचा माणूस' समजतो.

वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना धूम्रपानापासून दूर ठेवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. २००८ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. दहा हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. संशोधकांनी शिक्षकांना काही विचारलंच नाही. मुलांनाच विचारलं, तुम्ही कुणाचं ऐकता, तुम्हाला कोण आवडतं? ज्यांची नावं सर्वाधिक आली त्यांना प्रशिक्षण दिलं, मग ती मुलं गुणी असोत की उनाड. त्यांना भाषणं करायला लावली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, घरी जाताना सहज बोला, एवढंच सांगितलं. त्या शाळांत सिगारेटकडे वळणाऱ्यांचं प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिलं. वाशिमच्या शाळेत हाच प्रश्न चिठ्ठीवर विचारला तर कुणाची नावं येतील हे शिक्षकांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते विचारत नसावेत.

दोन लसींच्या बाबतीत अशा प्रचारकांची आत्ताच गरज आहे. एक एचपीव्ही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. तिचा खरा फायदा नऊ ते चौदा वयात, म्हणजे जिच्यासाठी ती आहे त्या मुलीला गर्भाशयमुखाचा कर्करोग अजून तीस वर्षं दूर दिसतो. या लसीभोवतीची कुजबुज वर सांगितलेल्या पाळीच्या संदेशासारखीच असते, आणि तिला उत्तरही बाकावरच्या मैत्रिणीकडूनच मिळायला हवं.

दुसरी टीडी, धनुर्वात आणि घटसर्पाची. राष्ट्रीय वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते. लहानपणीच्या डोसांचा जोर ओसरत जातो, घटसर्पासाठी हा बूस्टर लागतोच. दहाव्या वर्षीचा डोस शाळेत गाठता येतो. सोळाव्या वर्षी मूल सापडलं पाहिजे ना! गरोदर माता आणि पाच वर्षांपर्यंतची बाळं यांचा पाठपुरावा करायला यंत्रणेकडे नोंदवही आहे. सोळाचा मुलगा दहावीनंतर कुणाबरोबर पुण्याला बांधकामावर गेला, कुठली मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, हे त्या वहीत सापडत नाही. त्यांच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र सापडतं. कोण कुठल्या कारखान्याच्या हद्दीत आहे, कुणाचा फोन बंद आहे, होळीला तांड्यावर कोण कोण येणार आणि किती दिवस थांबणार, सगळं. होळीच्या आठवड्यात तांड्यावर एक लसीकरण सत्र ठेवायचं आणि त्याची वेळ ग्रुपवर टाकायला त्यांच्यातल्याच एकाला सांगायचं. यासाठी नव्या योजनेची गरज नाही. त्या पोराचा नंबर आशाताईकडे असला की झालं.